पोर्चवरच्या खिडकीचा पडदा

मार्लस्टो कोर्ट नावाच्या मोठ्या घरात कामाला लागणाऱ्या प्रत्येक पोरीला पहिल्या दिवशी दोन गोष्टी बजावून सांगायचे. एक म्हणजे जायचं-यायचं मागच्या जिन्यानं, पुढच्या जिन्यावर पाऊल पडेल ते फक्त तो झाडायला. आणि दुसरी, पुढच्या अंगाच्या खिडक्यांचे पडदे उन्हासाठी हवे तितके ओढा, पण पोर्चवरच्या खिडकीचा पडदा ओढायचा नाही.

हेस्टर प्रॉबर्टला हे सांगितलं मिसेस टफनेलनं. ती त्या घराची कारभारीण, कमरेला किल्ल्यांचा हा मोठा जुडगा, ती येण्याआधी तिचा आवाज यायचा. हेस्टर तेव्हा चौदाची होती. पायात आईचे बूट, त्यांच्या पुढच्या टोकात कागद कोंबलेला, आणि नजर छताच्या नक्षीवर. मिसेस टफनेलनं तिची हनुवटी धरून खाली आणली आणि दुसरी गोष्ट पुन्हा एकदा सांगितली.

सांगायची गरज तशी नव्हती. हेस्टर गावचीच पोर. आमचं गाव उताराच्या या बाजूला आणि कोर्ट त्या बाजूला, मध्ये सगळं कुरण आणि ओकची झाडं. कुणीही दारात उभं राहिलं की समोर त्या घराचं तोंड दिसायचं. पोर्चवरच्यासकट पुढच्या अंगाचे सगळे पडदे खाली आले म्हणजे त्या घरात कुणी तरी गेलं, हे पाळण्यातल्या लेकरालाही ठाऊक. ओबेड ग्विलिअम चर्चची घंटा वाजवायचा आणि थडगीही खणायचा. त्याला कोर्टातून निरोप कधी गेला नाही. पडदे पाहिले की तो दोराला हात घालायचा. पुरुष असला तर आधी तीनदा तीन ठोके, बाई असली तर तीनदा दोन, आणि मग जितकी वर्षं माणूस जगलं तितके. गावातल्या बायका हातातलं काम ठेवून ठोके मोजायच्या.

ऊन हा आमच्याकडचा दुर्मीळ पाहुणा. पण आला की कोर्टातल्या मोलकरणींची पळापळ. रेशमी पडदे, गालिचे, खुर्च्यांवरची जुनी भरतकामं, ऊन सगळ्याचा रंग पिऊन टाकायचं. सकाळी पूर्वेच्या दालनातल्या खिडक्यांवर गुंडाळीचे जाड सुती पडदे ओढायचे, दुपारी दक्षिणेच्या, संध्याकाळी पश्चिमेच्या. ऊन पुढे आणि हेस्टर त्याच्या मागे. त्यातून सवड मिळाली की गालिच्यावर भिजवलेली चहाची पत्ती पसरून झाडणं, शिळ्या पावाच्या गोळ्यानं भिंतीवरचा कागद पुसणं. हेस्टर म्हणायची, या घरानं मला जितका पाव खायला घातला त्याहून जास्त भिंतींना घातला.

धनीण होत्या लेडी कॉड्री. आम्ही सगळे त्यांना बाईसाहेबच म्हणायचो. त्यांना एकच मुलगा, ॲम्ब्रोज. हा पोरगा चालायला लागला तसा हेस्टरच्या मागे मागे. ती पडदा ओढायची आणि हा तिच्या फडक्याला धरून म्हणायचा, "ही झोपली." पुढची खिडकी, "हीपण झोपली." पोर्चवरच्या खिडकीशी आले की दोघं थांबायची. तिथं भिंतीत बसायला जागा होती, वर निळी गादी. ॲम्ब्रोज त्या गादीवर चढून बसायचा आणि सांगायचा, "ही जागी. ही माझी."

तो पाच वर्षांचा असताना सर एडमंड घोड्यावरून पडले आणि गेले. त्या दिवशी हेस्टरनं पहिल्यांदा तो पडदा ओढला. पोरगा तिथंच बसलेला. त्याला उचलून बाजूला ठेवावं लागलं. त्यानं विचारलं, हिला का झोपवलं. हेस्टरनं त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि केक दिला. बाहेर ओबेडची घंटा चालू होती.

पुढे मोठं युद्ध लागलं. ॲम्ब्रोज तेव्हा नुकता मिशीला तूप लावण्याच्या वयाचा. लढायला गेला. कोर्टातले नोकर गेले, माळी गेले, मोलकरणी दारूगोळ्याच्या कारखान्यात गेल्या. हेस्टर तोवर मोलकरणींची मुख्य झाली होती, पण मुख्य कुणाची, तर स्वतःची आणि एका बहिऱ्या भांडीवालीची.

जुलैत ॲम्ब्रोज सुट्टीवर आला. निघायच्या दिवशी गाडी जुंपेपर्यंत तो त्या खिडकीत जाऊन बसला, बुटांसकट पाय गादीवर घेऊन. हेस्टरनं पाहिलं आणि ओरडली, "पाय खाली घ्या. गादी कुणाला झाडावी लागते?" तो हसला. पाय खाली घेतले. म्हणाला, "हेस्टर, तिकडे सगळे मला सॅल्यूट करतात, माहितीय? आणि तू पाय खाली घ्यायला लावतेस."

"तिकडं गाद्या नसतील," हेस्टर म्हणाली.

तेच त्यांचं शेवटचं बोलणं.

ऑगस्टात असं ऊन पडलं की म्हाताऱ्यांनीही कधी पाहिलं नव्हतं. हेस्टर एकटी एकामागून एक पडदे ओढत चाललेली. पोर्चवरच्या खिडकीशी आली तर गादीवर ऊन आडवं पडलेलं आणि त्यात त्याच्या बुटाचा ठसा. वाळलेली लाल माती, आमच्याच कुरणातली. इतक्या दिवसांत तिनं ती गादी झाडलीच नव्हती. झाडायला गेली की हात मागे यायचा. घरात दुसरं कुणी झाडणारं नव्हतं म्हणून ठसा राहिला होता. आणि आता बघते तर त्याच्याभोवतीचा निळा रंग उडत चाललेला. ऊन त्यालाही खाणार, एवढंच तिच्या मनात आलं. जन्मभराची सवय हाताला. पडदा खाली.

ती पुढच्या दालनात गेली. तिथं एक पाकोळी आत अडकली होती, तिच्यामागे हेस्टर फडकं घेऊन फिरत होती, तेव्हा घंटा सुरू झाली. तीनदा तीन. कुणाचा पुरुष गेला, म्हणून हेस्टरही मोजायला लागली. मोजता मोजता तिला आपण काय केलं ते कळलं. ती पळत सुटली, आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या जिन्यानं, दाराबाहेर, कुरणात, हात हलवत. पण घंटेला कुणाचे हात दिसतात? एकवीस ठोके पुरे करूनच ओबेड थांबला.

आणि बाईसाहेब त्या वेळी गावात होत्या. शाळेच्या खोलीत आम्ही बायका जखमींसाठी पट्ट्या गुंडाळत बसायचो, त्यांच्या देखरेखीखाली. पहिले तीन पडले तेव्हा त्याही इतरांसारख्या थांबल्या. मग कुणी तरी खिडकीतून कोर्टाकडे पाहिलं आणि पटकन मान फिरवली. बाईसाहेब उठल्या, दारात गेल्या, समोर आपलं घर पाहिलं. सगळे डोळे मिटलेलं. घराण्यात माणसं दोनच, आणि त्यातलं एक इथं उभं. त्यांनी तिथं उभ्यानं सगळे ठोके ऐकले. शेवटचा पडल्यावर खाली बसल्या आणि जो आवाज त्यांच्या तोंडून निघाला तो ऐकून शाळेची मास्तरीण पोरांना घेऊन मागच्या दारानं निघून गेली. इतकं रडणं मोठ्या घरच्या बाईनं चारचौघांत रडलेलं आमच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.

हेस्टर पोचली ती धापा टाकत. तार नाही, काही नाही, धनी सुखरूप आहेत, माझ्या हातून झालं, एवढं कसंबसं म्हणाली.

कोर्टात परत आल्यावर तिनं आपली पत्र्याची पेटी भरली आणि तिच्यावर बसून राहिली. काढून टाकणार यात शंकाच नव्हती. मिसेस टफनेल तर गाडीवानाला सांगायलाही गेली. पण बाईसाहेबांनी हेस्टरला पोर्चवरच्या खिडकीशी बोलावलं. त्यांचा चेहरा सुजलेला होता. आवाज मात्र रोजचा.

"वर घे तो."

हेस्टरनं पडदा वर घेतला.

"आता हा खाली यायचा नाही. कुणासाठीही. मी जिवंत आहे तोवर नाही. आणि हे बघायला तूच इथं राहायचंस."

शिक्षा होती की माफी, हेस्टरला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

पुढच्या मार्चमध्ये खरी तार आली. तोवर ॲम्ब्रोजचा एक वाढदिवस उलटून गेला होता. बाईसाहेबांनी तार वाचली, घडी घातली, हातमोजे मागितले आणि नेहमीप्रमाणे बागेत गेल्या. काळे कपडे केले नाहीत. हेस्टर संध्याकाळी चहा घेऊन गेली तेव्हा धीर करून म्हणाली, बाईसाहेब, पडदे?

"त्याचं रडून झालंय माझं," बाईसाहेब म्हणाल्या. "ऑगस्टात. सगळंच रडले मी. आता माझ्यापाशी काही उरलं नाही."

ओबेड ग्विलिअम स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला, टोपी हातात. गाव सगळं दारात येऊन कोर्टाकडे पाहतंय, म्हणाला, आणि ती खिडकी उघडीच. वाजवू का नको? हेस्टरनं नको अशी मान हलवली. पडद्यांवाचून घंटा नाही, अशी रीत. त्यात तो एकदा पोळलेला. गेला तसाच परत. तर असा आमचा ॲम्ब्रोज गेला, ना पडदा ना घंटा. दूरच्या कुठल्या चिखलात पुरला, आणि घरातूनही त्याला कुणी पोचवलं नाही.

हेस्टरच्या जिवाला तेवढंच लागून राहिलं. मेलेल्या माणसाची वाट तिनं अडवली, असं तिला वाटायचं. गावानं विसरूही दिलं नाही. पाववाली मिसेस बेव्हन दर वेळी म्हणायची, "हेस्टर, ये गं, बस. पण पडद्याला तेवढा हात लावू नकोस, म्हातारा जिवंत आहे माझा अजून." हेस्टर म्हणायची, "तुझ्या म्हाताऱ्यासाठी पडदे कशाला, त्याच्या घोरण्यावरून गावाला कळतंच." वर असं बोलायची आणि परत जाताना रस्ताभर त्या खिडकीकडे बघत चालायची.

गुरांकडच्या टॉम पार्टनं तिला लग्नाचं विचारलं होतं, दोनदा. तिनं नाही म्हटलं. ती खिडकी सोडून जायचं कसं, हे त्याला समजावून सांगणं तिला जमलं नाही. त्यानं दुसरी केली. ते बरंच केलं, सफरचंदाची चांगली सायडर करायची ती.

आणि तो बुटाचा ठसा? पडदा वर राहिला तो राहिलाच. दोन उन्हाळ्यांत निळ्या गादीचं राखाडी फडकं झालं आणि माती कधी झडून गेली कळलंही नाही. ज्याच्यासाठी पडदा ओढला ते उन्हानं खाल्लंच.

वीसेक वर्षं अशी गेली. दुसरं युद्ध लागलं, कोर्ट लष्करानं घेतलं. विमानांना उजेड दिसू नये म्हणून खिडक्यांवर काळा कागद चिकटवला, पडदे काढून माळ्यावर टाकले, जिन्यावरून नाल ठोकलेल्या बुटांची ये-जा सुरू झाली. बाईसाहेबांना मागच्या अंगाच्या दोन खोल्या ठेवल्या होत्या. तिथंच त्या आजारी पडल्या. हेस्टर उशाशी. एका दुपारी त्यांनी डोळे उघडून विचारलं, तो पडदा कुठंय.

"माळ्यावर आहे, बाईसाहेब. मी कापूर घालून ठेवलाय."

"मी गेले की आण खाली. आधी त्याच्यासाठी. मग माझ्यासाठी. पण आधी त्याच्यासाठी, हेस्टर. मी चुकले."

हेस्टरनं हो म्हटलं. जन्मात एवढं मनापासून हो तिनं कशालाच म्हटलं नसेल.

बाईसाहेब त्या आठवड्यात गेल्या. आणि हेस्टर करणार काय? सगळ्या खिडक्या आधीच काळ्या, आता कुठला पडदा ओढायचा आणि तो दिसायचा कुणाला. घंटांनाही त्या दिवसांत बंदी होती, शत्रू उतरला तरच वाजवायच्या, असा हुकूम. बाईसाहेबांना चार म्हातारी माणसं आणि एक रजेवरचा शिपाई, एवढ्यांनी पोचवलं.

लष्कर गेलं ते छपराची वाट लावून गेलं. घर गेलं एका पुतण्याकडे. तो परदेशात वाढलेला. वारसा करानं बेजार. वाईट नव्हता बिचारा, एकदा येऊन गळक्या दालनात छत्री उघडून उभा राहिला आणि हेस्टरला म्हणाला, तुम्ही यात राहता कशा. राहत नाही, हेस्टर म्हणाली, मी फाटकापाशी राहते, इथं फक्त बादल्या बदलायला येते. मग काही वर्षांनी ठरलं, घर पाडायचं. शिसं, दगड, लाकूड विकायचं, जमीन शेतकऱ्याला. लिलाव झाला. पुढचा जिना कुणा अमेरिकन माणसानं घेतला म्हणतात. माळ्यावरचे पडदे 'जुनी कापडं' म्हणून एका ढिगात गेले आणि गावातल्या बायकांनी वाटून घेतले. हेस्टरच्या हाती पोर्चवरचा तेवढा राहिला, तो तिनं आधीच घरी आणून ठेवला होता. चोरीच म्हणा.

सोमवारी पाडणारी माणसं येणार, असं कळलं तशी हेस्टर घरोघर निघाली. सत्तरी ओलांडलेली, गुडघे कामातून गेलेले. पहिलं दार मिसेस बेव्हनच्या सुनेचं. सासू आत खुर्चीत, म्हातारा केव्हाच गेलेला.

"पडदा हवाय," हेस्टर म्हणाली. "सोमवारपुरता. नंतर परत."

सुनेनं त्या कापडाचे दोन एप्रन शिवले होते. एक अंगावर होता. ती ओशाळली. म्हातारी आतून म्हणाली, "काढ गं तो. शीव परत दोन्ही." मग हेस्टरकडे न पाहता म्हणाली, "मी तुला फार बोलले."

"मीही काही कमी नाही बोलले."

असे पडदे जमले. एकाखाली कुणाच्या कोंबड्या झोपत होत्या, तो उकळून घेतला. दोन सापडलेच नाहीत, त्यांच्या जागी चादरी आल्या. शेवटी हेस्टर विनी ग्विलिअमकडे गेली. विनी ओबेडची लेक, बापामागे घंटा तीच वाजवायची. तिनं ऐकून घेतलं, चहा ओतला, आणि रीतीप्रमाणे विचारलं, वय किती धरू.

"तुझ्या बापानं वाजवले त्याहून एक जास्त," हेस्टर म्हणाली.

सोमवारी सकाळी माणसं ट्रक घेऊन आली तर पुढच्या अंगाला शिड्या लावलेल्या आणि बायका खिळे ठोकताहेत. मुकादम डटन हा शहरी माणूस, जाडजूड, कानाला पेन्सिल. त्याला वाटलं आपण चुकीच्या घरी आलो.

"मावशी, हे घर आम्ही पाडायला आलोय. तुम्ही लोक सजवताय काय?"

"सजवत नाही. माणूस गेल्यावर आधी पडदे, मग शवपेटी. तुम्ही पेटीवाले. तुमची वेळ यायचीय अजून."

"कोण गेलं?"

हेस्टरनं सांगितलं. तो मोजायला लागला, कधी गेला, म्हणजे केव्हाचं हे. मग आपल्या माणसांना चहाची सुट्टी दिली आणि स्वतः एक शिडी धरून उभा राहिला, कारण ती हलत होती.

एकेक करून पडदे खाली आले. पूर्वेकडून सुरुवात, तिच्या सवयीप्रमाणे, उन्हाच्या चालीनं. बायकांनी आम्ही ओढतो म्हटलं, पण पोर्चवरचा कुणी मागितला नाही. हेस्टर पुढचा जिना विकलेला म्हणून मागच्या जिन्यानं वर गेली. त्या राखाडी गादीवर क्षणभर बसली. समोर कुरण, झाडं, गावातली दारं, प्रत्येक दारात माणूस. मग उठली, दोरी धरली आणि पडदा खाली घेतला. या वेळी हळू, पुरता, खालच्या चौकटीला टेकेपर्यंत.

खोलीत अंधारून आलं. बाहेर विनीनं सुरुवात केली. तीनदा तीन. मग वर्षं. कामगार ट्रकच्या मागे बसले होते, ते उभे राहिले, हातात पेले तसेच. ठोके फार नव्हतेच. ओबेड जिथं थांबला होता तिथं घंटा आली आणि हेस्टरनं श्वास धरला. मग आणखी एक पडला. तेवढंच तो जास्त जगला होता, तेवढंच तिच्या चुकीनंतरचं त्याचं आयुष्य.

मग विनी थोडी थांबली. हेस्टरला माहीत होतं ती का थांबली. तीनदा दोन पडले, आणि बाईसाहेबांची वर्षं सुरू झाली. ती पुष्कळ होती. हेस्टर अंधारात गादीवर बसली, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि ती सगळी संपेपर्यंत उठली नाही. डटननंही कुणाला हाक मारली नाही.